मांडव आणि मोटारशर्यत

मुळशी तालुक्यातील कोळवणसारख्या गावात लग्नाचा मांडव पाहता पाहता उभा राहतो आणि कार्य उरकले की तितक्याच झटपट उतरतो. तेच खांब, तेच वासे पुढच्या घरी जातात. मोटारशर्यतींसाठी इमारती बांधणाऱ्यांनी हा धडा गिरवावा, असे मला वाटते.

याच तालुक्यात ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती झाल्या आहेत. शर्यत असते दोन-तीन दिवसांची. पण तेवढ्यासाठी प्रेक्षकांचे सज्जे, मोटारदुरुस्तीच्या खोल्या, दवाखाना, पंचांची जागा असे सारे लागते. ते कायमचे बांधावे काय? ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे झाली. शर्यत गेली, काँक्रीट मागे राहिले. उलट, कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ९७४ मालवाहू कंटेनर वापरून उभारलेले स्टेडियम पुढे सुटे करता यावे, अशाच रचनेचे होते.

याचे मर्म सांध्यात आहे. वेल्डिंगचा सांधा कापावा लागतो, नट-बोल्टचा सोडवता येतो. सर्व भाग ठरावीक मापाचे असले म्हणजे कोणताही भाग कोठेही बसतो आणि काम लवकर होते.

मात्र हलक्या इमारतीचा खरा शत्रू वारा. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम! वारा छपराला वरही उचलतो. म्हणून खांब जमिनीशी घट्ट जखडावे लागतात.

तात्पुरते म्हणजे कच्चे, असा समज घातक आहे. १९९२ साली फ्रान्समधील बास्तिया येथे फुटबॉल सामन्यासाठी घाईने उभारलेला सज्जा कोसळून अनेक प्रेक्षक दगावले. तेव्हा झटपट बांधा, पण प्रत्येक उभारणीनंतर प्रत्येक बोल्ट तपासल्याशिवाय माणसे वर चढवू नका. या तपासणीला वेळ आणि पैसा लागतो, हे खरे. पण भातखाचरावर एकदा काँक्रीट ओतले की तेथे पुन्हा भात पिकवणे किती कठीण, हे कोळवणच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

विद्यार्थी मित्रहो, पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन एक छोटा सज्जा करा. त्यावर पुस्तके ठेवा, पंख्याचा वारा द्या, मग तो सोडवून पुन्हा जोडा. दुसऱ्या वेळीही तो तितकाच भक्कम राहिला, तरच तुमची रचना उत्तीर्ण!