पंधरा आणि पन्नासच्या मधे अडकलेली गाडी

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या काही लोकांचे रविवार ठरून जातात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक बॉनेट उघडं असतं. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. शेजारी जुन्या टॉवेलवर पाने, पक्कड, स्पार्क प्लग आणि चहाचा कप. येणारा-जाणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, ‘अहो, विकून का टाकत नाही?’ गाडीखालून उत्तर येत नाही, आणि ते बरंच असतं.

जुन्या गाड्यांचा छंद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर महाराजांच्या रोल्स-रॉइस येतात. त्या आहेतच. पण हा लेख त्यांच्याबद्दल नाही. त्यांची काळजी घ्यायला माणसं ठेवलेली असतात. हा लेख आहे प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, पहिल्यावहिल्या मारुती ८०० आणि त्यांना स्वतःच्या हातांनी जिवंत ठेवणाऱ्या बँकवाल्या, शिक्षक, इंजिनीअर, क्वचित कॉलेजातल्या मंडळींबद्दल. आणि कायद्यात या गाड्यांना जागाच नाही, त्याबद्दल.

आधी थंडीचं. युरोपात हा छंद असणारे लोक थंडीत गाडी बाहेर काढतच नाहीत. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मीठ म्हणजे जुन्या पत्र्याचा काळ. म्हणून गाडी गॅरेजात झोपते आणि तिचा मालक तिच्या पोटात शिरून चार महिने काम करतो. अपवादही भारी आहेत. लंडन ते ब्रायटन ही १९०५ च्या आधीच्या गाड्यांची प्रसिद्ध दौड नोव्हेंबरात असते, छत नसलेल्या गाड्यांतून, गारठ्यात कुडकुडत. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधली वेगमर्यादा वाढली, त्या आनंदात निघालेल्या पहिल्या दौडीची ती आठवण. असो.

आपल्याकडे गाडीचा शत्रू पावसाळा आहे. चार महिने हवेत एवढी ओल असते की दाराच्या खालच्या कडा, फ्लोअरचा पत्रा, डिकीतली स्टेपनी ठेवायची जागा आतून गंजत जाते आणि वरून काही दिसत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गंजाचे पोपडे खरवडायचे, सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, रेड ऑक्साईड मारायचं, लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, आणि हे सगळं पुन्हा दोनदा. रंगाचं काम तर थंडीतच. जुन्या गाड्यांवर जो एनसी पेंट मारायचे, तो दमट हवेत मारला तर वाळताना ओल धरतो आणि त्यावर पांढुरकी झाक येते. हजारोंचा खर्च करून गाडीवर साय आल्यासारखी दिसते! जुने पेंटर पावसाळ्यात रंगाचं काम हातात घ्यायला तयार नसतात ते यासाठी. ब्रेक ऑइलसुद्धा हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून तेही याच दिवसांत बदलायचं. वर रॅल्यांचा मोसमही हाच. कोलकाता आणि दिल्लीची ‘स्टेट्समन’ रॅली असो किंवा आपल्याकडची छोटी-मोठी प्रदर्शनं, उन्हाचा चटका सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचं असतं, कारण जुनं इंजिन मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये तापलं की रुसून बसतं.

आणि मग पहाटेची ती परीक्षा, गाडी सुरू करण्याची. आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागतं. आजच्या गाडीत सेन्सर हवेचं तापमान मोजतो, संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो, आपण बटण दाबतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते ठरवणारे तुम्ही. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही. मग चोक ओढायचा. आत एक झडप मिटते, हवा कमी जाते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिन खोकत खोकत जागं होतं. चोक जास्त वेळ ओढून ठेवलात तर प्लग ओले होतात आणि मग गाडी काही केल्या सुरू होत नाही. लवकर सोडलात तर बंद पडते. त्यात थंडीने ऑइल घट्ट झालेलं आणि बॅटरीचा जोर कमी झालेला, म्हणजे सेल्फ मारायच्या संधी मोजक्याच. नेमका किती चोक, किती सेकंद, अॅक्सिलरेटरला किती टिचकी, हे प्रत्येक गाडीचं वेगळं आणि ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये पूर्ण लिहिलेलं नसतं. ते कानाने शिकायचं असतं. नाहीच झाली तर शेजाऱ्यांना हाक मारून धक्का स्टार्ट. सोसायटीत ओळखी वाढवायचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

यात मराठी माणसाचा जवळचा धागा आहे तो पद्मिनीचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या आणि मग इटलीच्या फियाट निघू लागल्या. पन्नासच्या दशकातली ती गोल पाठीची फियाट म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. हे नाव ठेवणाऱ्याला सलाम. त्यानंतरच्या चौकोनी फियाटचं पुढे, सत्तरच्या दशकात, ‘प्रीमियर पद्मिनी’ असं बारसं झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपताना ती अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर किती स्टोरीज पडल्या, आठवतं? सगळ्यांना एकदम गहिवरून आलं होतं. पण खासगी पद्मिनी आजही आहेत, आणि त्यांच्या वाट्याला गहिवर नाही, कागदपत्रं येतात.

ती कागदपत्रं नीट बघू. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यायची. १ एप्रिल २०२२ पर्यंत या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. त्या दिवसापासून ती ५,००० झाली. २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी ती १०,००० करण्यात आली. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर वेगळा. हेतू उघड आहे. जुनी गाडी ठेवणं महाग करा, म्हणजे लोक ती भंगारात काढतील. सर्रास धूर ओकत फिरणाऱ्या गाड्यांसाठी हे समजण्यासारखं आहे.

दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते आणि पुढच्या नोंदणीला ५,०००. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही खास अक्षरं. ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही, पण प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यासाठी रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. सरकारने पहिल्यांदा कागदावर मान्य केलं की काही जुन्या गाड्या भंगार नसतात, वारसा असतात.

आता गणित करा. १९८५ ची पद्मिनी २००० साली १५ वर्षांची झाली, म्हणजे ‘जुनी’ झाली. ती ५० वर्षांची होणार २०३५ मध्ये. मधली ३५ वर्षं ती कोण? पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हातात दिली. भारतीय मध्यमवर्गाचं आयुष्य बदलणारी गाडी, इतिहासाच्या पुस्तकात जावी अशी. पण कायद्याच्या दृष्टीने त्या वर्षातली मारुती २०३३ पर्यंत फक्त एक खूप जुनी कार आहे. ४९ वर्षं जपलेल्या गाडीला मालकाने दहा हजार भरायचे आणि पन्नाशी ओलांडली की सरकार तिला वारसा म्हणणार. पन्नाशीपर्यंत पोचायचं असेल तर आधी चाळिशीत जगवायला नको का? आज भंगारात गेलेली गाडी २०३५ मध्ये व्हिंटेज होऊ शकत नाही.

बाहेरचे देश हा मधला जिना बांधून बसलेत. जर्मनीत ३० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चांगल्या स्थितीतली गाडी तज्ज्ञाने तपासून पास केली की तिच्या नंबरपुढे ‘एच’ हे अक्षर लागतं, कराची सवलत मिळते. १९९७ पासून ही पद्धत आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला वाहन कर नाही आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. ही दुसरी गोष्ट मला स्वतःला पटत नाही. चाळीस वर्षांच्या ब्रेकची तपासणी झालीच पाहिजे, उलट जास्त कडक झाली पाहिजे. पण जर्मनीची रीत आपल्याला जमण्यासारखी आहे. तीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘क्लासिक’ असा वेगळा वर्ग करा. मूळ स्वरूपाची अट घाला, दरवर्षी तपासा, वर्षाला किती किलोमीटर चालवायची याची मर्यादा ठेवा, आणि त्या बदल्यात फी आणि कर कमी करा.

आता यावर तुमच्यातलाच कोणीतरी म्हणेल, प्रदूषणाचं काय? बरोबर आहे. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. किलोमीटरमागे त्या आजच्या कारपेक्षा कितीतरी जास्त घाण सोडतात, आणि ‘आमची गाडी एकदम ट्यून आहे’ म्हणून हे झाकता येत नाही. त्या सुरक्षितही नाहीत. एअरबॅग सोडा, अनेकींना मुळात सीटबेल्टच नव्हते. म्हणून तर किलोमीटरची मर्यादा हवी. रविवारी सकाळी वीस किलोमीटर जाणारी गाडी आणि रोज साठ किलोमीटर पळणारी गाडी यांना फक्त वय बघून एकाच पट्टीने मोजणं म्हणजे आळशीपणा आहे. दिल्ली परिसरात पेट्रोल गाडी १५ वर्षांची झाली की रस्त्यावर नको, हा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तिथल्या हवेची अवस्था बघूनच आला होता. पण वय हाच एकमेव निकष धरल्यावर जपलेलं आणि सोडून दिलेलं यात फरक उरत नाही, हेही तिथेच दिसलं.

फीपेक्षाही सध्या या मंडळींच्या डोक्याला ताप आहे तो पेट्रोलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऊस उत्पादक महाराष्ट्राला त्याचा फायदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि जुन्या गाडीतले रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे गॅस्केट हे त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेले. ते फुगतात, मऊ पडतात, गळतात. गरम इंजिनशेजारी गळणारं पेट्रोल म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून थंडीच्या कामांच्या यादीत आता नवी भर पडली आहे. सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे बसवायचे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची.

हे सुटे भाग मिळतात कुठे? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी. पद्मिनीचा मूळ टेललॅम्प मिळाला तर लोक पेढे वाटतात. पण टेललॅम्प एक वेळ मिळेल, तो बसवणारा मिस्त्री मिळणं जास्त कठीण होत चाललंय. पॉइंटचा गॅप फिलर गेजने बघणारा, टॅपेटचा आवाज ऐकून कुठला ढिला आहे ते सांगणारा, हातोडीने पत्रा सरळ करणारा उस्ताद आज बहुधा साठीच्या पुढचा असतो आणि त्याची मुलं या धंद्यात नसतात. त्यात त्यांची चूक नाही. ज्या कामाला ना सर्टिफिकेट ना भाव, ते पोरांनी का शिकावं? आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड आहे. मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलच्या पोरांना इंटर्नशिपसाठी वणवण करावी लागते. या दोघांना एका थंडीपुरतं अशा उस्तादांच्या गॅरेजात पाठवून त्याचे क्रेडिट द्यायला विद्यापीठांना कोणी अडवलंय? सिम्युलेशन लॅबमध्ये कार्ब्युरेटर शिकता येतो, पण हाताला पेट्रोलचा वास लागत नाही.

मुलींनी तर नक्की जावं. बॉनेटभोवतीचा हा घोळका अजून जवळपास पूर्ण पुरुषांचा आहे, आणि ‘तुला काय कळतंय यातलं’ हे न बोललेलं वाक्य तिथे ऐकू येतं. गॅप मोजायला लागणारी पट्टी सगळ्यांसाठी सारखीच असते.

जानेवारी-फेब्रुवारीत तुमच्या शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन लागलं तर जा. बहुतेक गर्दी चकाचक क्रोमवाल्या विदेशी गाड्यांभोवती असेल, सेल्फीसाठी. तुम्ही मागच्या रांगेत जा, जिथे एखादी पद्मिनी बॉनेट उघडून उभी असेल आणि मालक काहीतरी घट्ट करत असेल. नोंदणी कधी संपते ते विचारा. पाना धरायला मागितला तर धरा.