‘संपला’ म्हणण्याआधी

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास मेलबर्नहून लेकीचा फोन येतो, तो दोन कामांसाठी. तिला तिळगुळाच्या पाकाचे विचारायचे असते आणि नातवाला फुटबॉलचे. पाकाचे काम आमच्या सौभाग्यवतींकडे. फुटबॉल मात्र माझ्या वाट्याला येतो, कारण मी उभा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात घालवला. खेळाचे कळते ते आजोबांनाच, अशी त्या पोराची भाबडी समजूत आहे. ती किती भाबडी, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

गोष्ट २०२२ च्या संक्रांतीची. नातवाने विचारले, “आजोबा, यंदा पॅट्रिक क्रिप्स पहिल्यासारखा खेळेल का हो?” मी त्याच्याबद्दल थोडेफार वाचले होते, जावईबापूंनी पाठवलेले चार सामनेही पाहिले होते. तेवढ्या भांडवलावर मी ऐटीत सांगून मोकळा झालो, “संपला रे तो. आता दुसरा कोणी तरी बघ.” पलीकडे पोरगे गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “पण मला तोच आवडतो.”

वाचकहो, फुटबॉल म्हटले की आपल्या बेळगावकरांच्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येतो. हा फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट, पपईच्या आकाराचा. मैदान अंडाकृती, बहुधा क्रिकेटचेच. एका बाजूचे अठरा गडी. चेंडू लाथेने मारता येतो, हातात धरून पळता येते, पण पळताना ठरावीक अंतरावर तो जमिनीवर आपटावा लागतो. साथीदाराकडे फेकता मात्र येत नाही, मुठीने ठोसा मारून द्यावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. १८५९ साली मेलबर्नमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. आजही तिथल्या क्रिकेट मैदानावर थंडीचे दिवस आले की यष्ट्या जातात आणि हे खांब उभे राहतात. मोसम मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस अंतिम सामन्याने संपतो.

क्रिप्स कार्लटन या जुन्या क्लबचा. मेलबर्नचाच क्लब, सोळा वेळा विजेता. पण सोळावे विजेतेपद मिळाले १९९५ साली, आणि त्यानंतर काही नाही. क्रिप्सचा जन्मही १९९५ च्याच मार्चमधला. म्हणजे क्लबने शेवटचा झेंडा उंचावला तेव्हा हे बाळ सहा महिन्यांचे होते! पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दॅम्प्टन नावाच्या छोट्याशा, गव्हाच्या शेतीच्या गावात तो वाढला. जोश केनेडी आणि हॅरी टेलर हे नामवंत खेळाडूही याच गावचे. २०१३ च्या खेळाडू-निवडीत कार्लटनने त्याला तेराव्या क्रमांकावर उचलले आणि तो देशाच्या दुसऱ्या टोकाला आला.

त्याचे काम मैदानाच्या मध्यावरचे. पंच चेंडू उंच उडवतो, दोन्ही बाजूंचे उंच गडी त्यावर झेपावतात, आणि खाली पडलेल्या चेंडूसाठी जी रेटारेटी होते तिच्यात हा शिरतो. उंची १९५ सेंटिमीटर, अंगाने दांडगा. दोघे लोंबकळत असतानाही हात मोकळा ठेवून साथीदाराला चेंडू द्यायचा, ही त्याची खासियत. आपल्या कबड्डीत चढाई करणारा तिघांना ओढत मध्यरेषेकडे हात लांबवतो, तसाच प्रकार. तिथे मात्र मध्यरेषा नाही, सुटका नाही आणि हे सामनाभर चालते.

२०१८ मध्ये कार्लटनने बावीसपैकी जेमतेम दोन सामने जिंकले. अशा बुडत्या संघातूनही क्रिप्स त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला. पुढच्या वर्षी, अजून चोविशीही पुरी व्हायची होती तेव्हा, सॅम डॉकर्टीबरोबर तो संघाचा सहकर्णधार झाला. त्याच वर्षी मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला. नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच सामन्यात, ब्रिस्बेनविरुद्ध, क्रिप्सने अडतीस वेळा चेंडू हाताळला आणि चार गोल केले. तिथले लोक अजून त्या सामन्याची आठवण काढतात.

आणि मग उतार लागला. २०२० साधारणच गेले. २०२१ त्याहून वाईट. चेंडूवर पोचायला अर्धे पाऊल उशीर, वळताना जडपणा, लाथेत जोर नाही. कार्लटन तेराव्या स्थानावर राहिला आणि प्रशिक्षकाला घरी पाठवण्यात आले. त्याच मोसमात क्लबने क्रिप्सशी २०२७ पर्यंतचा सहा वर्षांचा करार केला होता. ‘एवढी वर्षे कशाला बांधून घेतला?’ असे विचारणारे कमी नव्हते. त्यांच्या सुरात सूर मिसळून मी इथे बेळगावात बसून निकाल दिला होता, संपला.

यातली एक गोष्ट मी नीट विचारातच घेतली नव्हती. २०२१ च्या मोसमाच्या सुरुवातीलाच त्याच्या पाठीच्या हाडाला तडे गेले होते. ते घेऊनच तो खेळत होता. पाठीला तडे आणि काम कोणते, तर दोघांना अंगावर घेऊन वाकायचे! आम्ही आकडे पाहत होतो. आकड्यांत चेंडू किती वेळा हाती आला हे असते, वाकताना काय होते हे नसते.

दुसरी गोष्ट संघाची. इतकी वर्षे त्या रेटारेटीत कार्लटनचा भरवसा एकट्या क्रिप्सवर. समोरच्यांना ठाऊक होते की याला जखडला की काम झाले. त्यामुळे एक माणूस त्याच्या पाठीवर बसूनच असायचा. २०२२ साठी क्लबने फ्रीमँटलहून ॲडम सेरा आणि सिडनीहून जॉर्ज ह्यूएट असे दोन मधल्या फळीचे खेळाडू आणले. तरुण सॅम वॉल्श तर होताच. नवा प्रशिक्षक म्हणून मायकेल वॉस आला. हा स्वतः मधल्या फळीतला, १९९६ च्या ब्राउनलो पदकाचा मानकरी आणि २००१ ते २००३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवणाऱ्या ब्रिस्बेनचा कर्णधार. क्रिप्सला आता एकट्यालाच कर्णधार केले. पाठ बरी झाली, खांद्याला खांदा लावणारे आले आणि ज्याला हे काम ठाऊक आहे असा माणूस डोक्यावर आला. जानेवारीत फोनवर निकाल देण्याआधी मी हे तीन मुद्दे पाहायला हवे होते.

१७ मार्च २०२२ रोजी कार्लटनने पहिल्याच सामन्यात रिचमंडला हरवले, आणि क्रिप्स पुन्हा जुना क्रिप्स दिसला. दुसऱ्या दिवशी त्याला सत्ताविसावे वर्ष पूर्ण झाले. नातवाने फोन केला, पण मला एका शब्दाने टोचले नाही. पोर सुसंस्कृत आहे. आमच्या लेकीवर गेले आहे.

त्या वर्षाची अखेर सरळ मात्र झाली नाही. ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनच्या एका खेळाडूला जोराची धडक दिल्याबद्दल क्रिप्सवर दोन सामन्यांची बंदी आली. लवादाने ती कायम केली, अपील मंडळाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द केली. यावर तिथे बरीच टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मलाही वाटत नाही. ब्राउनलो पदक दिले जाते ते मोसमातल्या सर्वांत स्वच्छ आणि सर्वोत्तम खेळाडूला, आणि बंदी भोगलेल्याला ते मिळत नाही. प्रत्येक सामन्यानंतर पंच तिघा खेळाडूंना तीन, दोन आणि एक अशी मते देतात, ती वर्षअखेर मोजतात. शेवटच्या फेरीत कार्लटन कॉलिंगवूडकडून अवघ्या एका गुणाने हरला आणि बाद फेरी हुकली. पण त्याच सामन्यातली तीन मते क्रिप्सला मिळाली. त्याची बेरीज झाली २९, दुसऱ्या क्रमांकाच्या लॅकी नीलची २८. ‘संपलेल्या’ माणसाच्या गळ्यात पदक पडले.

नातवाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. “आजोबा, बघितलंत?” एवढेच म्हणाला. घास हातात तसाच राहिला. त्याला वाटले, आजोबा खूश झाले. मला मात्र दुसराच एक मुलगा आठवत होता.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेच्या कबड्डी संघात एक चपळ पोरगा होता, शेतकऱ्याच्या घरचा. आठवीत असताना त्याच्या जोरावर आम्ही तालुका जिंकला. नववीत तो मंदावला. चढाईला जायचा आणि हात न लावताच परत यायचा. “सर, पाय दुखतोय,” असे दोनदा म्हणाला. मी म्हटले, “अंग चोरू नकोस.” तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही. जिल्ह्याच्या संघातून मी त्याचे नाव काढले, तेही सगळ्यांसमोर. त्यानंतर तो मैदानावर आलाच नाही. पुढे दोन वर्षांनी त्याचे वडील बाजारात भेटले, तेव्हा कळले की घोट्याच्या हाडाला तडा होता. घरच्यांनी चार महिने मुरगळा समजून लेप लावले होते. वडील माझ्याशी आदरानेच बोलले. तो आदर मला आजही बोचतो.

त्या पोराचे मैदान तिथेच संपले. क्रिप्सच्या मागे डॉक्टर होते, मालिशवाले होते, सहा वर्षांचा कागद होता. ‘दुखतंय’ म्हटले तर ऐकणारी माणसे होती. शेतकऱ्याच्या पोराकडे होता एक पीटीचा सर, आणि त्याने ऐकले नाही. दोघांच्या अंगच्या गुणांत फरक असेलही. पण मला जो फरक दिसतो तो हा.

पुढचे वाचकांना सांगायला हवे. २०२३ मध्ये कार्लटन उपांत्य सामन्यापर्यंत पोचला आणि ब्रिस्बेनकडून सोळा गुणांनी हरला. २०२४ मध्ये क्रिप्सने दुसरे ब्राउनलो पदक जिंकले, तेही ४५ मते मिळवून. तोवरचा विक्रम होता ३६ मतांचा. २०२५ पुन्हा फिके गेले. कार्लटन अकराव्या स्थानावर राहिला, आणि मोसम संपल्यावर चार्ली कर्नोसारखा मोठा गोल करणारा सिडनीकडे गेला. म्हणजे चाक फिरून पुन्हा उताराशी आले. क्रिप्सने तिशी ओलांडली आहे, झेंडा अजून हाती आलेला नाही आणि कराराची अखेर २०२७ ला आहे.

त्यामुळे नातवाचा प्रश्न दर वर्षी येतोच, “आजोबा, पुढच्या मोसमात काय होईल?” पोराचा आवाज आता फुटला आहे, तो स्वतः शाळेकडून खेळतो. मी आता निकाल देत नाही. उलट त्यालाच तीन प्रश्न विचारतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सरावात क्रिप्स सगळ्यांबरोबर पूर्ण वेळ पळाला का, की बाजूला एकटाच हलका व्यायाम करत होता? रेटारेटीत त्याच्या जोडीला या वर्षी कोण आहे? आणि प्रशिक्षक त्याला सगळा वेळ मध्येच ठेवणार, की अधूनमधून पुढे गोलाजवळ नेऊन त्याच्या अंगावरचा भार हलका करणार? तिशीनंतर पळण्याचा वेग उतरतो, पण घोळक्यात चेंडू कुठे पडणार याची जाण उतरत नाही, उलट वाढते. याची उत्तरे मिळाली की अंदाज आपोआप बांधता येतो. नातू हे सगळे वहीत लिहून घेतो म्हणे.

गेल्या खेपेस मी त्याला चौथाही प्रश्न विचारला, “आणि तुझं काय? यंदा कसा खेळतोयस?” थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, “नीट नाही. कोच म्हणतात, स्लो झालायस.”

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटले, “बाळा, आधी सांग, कुठं दुखतंय?”

गुडघ्याच्या खाली, म्हणाला. तीन महिने. कोणाला बोलला नव्हता. उंची भराभर वाढण्याच्या वयात धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांना तिथे दुखते, हे आम्हा पीटीवाल्यांना ठाऊक असायला हवे. लेकीला फोनवर बोलावले आणि डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. आता काही आठवडे विश्रांती आहे, मग हळूहळू पळणे.

त्याच्या पुढच्या मोसमाचे काय होईल, ते मी सांगणार नाही.