मागच्या सीटचा हिशेब आधी

आपले व्यापारी व कारागीर बांधव मोटारसायकल घेताना इंजिन विचारतात, मायलेज विचारतात. मागे बसणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईकाने हात लावून पाहिल्याशिवाय आम्ही तागा कापत नाही. मग दोन लाखांच्या गाडीला वेगळा न्याय का?

कोल्हापुरात दहा मिनिटे कशीही निघतात. पण आंबा घाटाने रत्नागिरी किंवा महामार्गाने पुणे गाठायचे तर अरुंद, उतरती सीट मागच्याची कंबर धरते आणि उंच फूटरेस्टमुळे गुडघे आखडतात. म्हणून घरची मंडळी असोत वा भागीदार, त्यांना शोरूमला सोबत न्यावे व दोघांनी बसूनच गाडी चालवून पाहावी. मागची सीट रुंद हवी, धरायला दांडी हवी, पाठीला टेकू असल्यास उत्तम. चालकाचाही विचार करावा. रॉयल एनफील्डच्या मिटिऑरची सीट ७६५ मिलिमीटर उंच, क्लासिकची ८०५. दोघांचे वजन सांभाळून पाय टेकताना हा फरक कळतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के झाला. दोघांच्या प्रवासाला ३५० सीसी पुरे, असे आमचे मत. वाचलेल्या पैशात दोन चांगली हेल्मेट घ्यावीत. मागच्यालाही ते कायद्याने सक्तीचे आहे. दोघे निघताना मागच्या चाकात कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे हवा वाढवावी.

पैसे पुढच्याने मोजावेत, पसंती मागच्याने द्यावी.