बैल घेतला, कडबा कोठे?

अनुदानास कात्री लागली तर काय करावे, व नवी यंत्रे आणावयाची तर पैसा कोठून काढावा, हे दोन प्रश्न प्रत्येक सार्वजनिक संस्थेच्या अंदाजपत्रकापुढे उभे असतात. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यास अपवाद नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ भेंडी व ‘परभणी शक्ती’ ज्वारी असे वाण शेतकऱ्यांस दिले. पुढे राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून येथे यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांचे डिजिटल शेती केंद्र उभे राहिले. २०१७ साली मंजूर झालेल्या त्या प्रकल्पाचा निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा होता. आणि ते कर्ज अखेर या देशाच्या रयतेसच फेडावयाचे आहे.

प्रकल्पाची मुदत सरली, परंतु यंत्रांची झीज थांबत नाही. ड्रोनची बॅटरी बदलावी लागते, सुटे भाग आणावे लागतात, चालविणाऱ्यास वेतन द्यावे लागते. प्रकल्प सरल्यावर हा भार साहजिकच वार्षिक अंदाजपत्रकावर येतो, व त्याचा मुख्य आधार राज्याचे अनुदान. त्या अनुदानाचा भरवसा किती? मे २०२० मध्ये महामारीच्या संकटात राज्य सरकारने विकास योजनांचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला होता व आरोग्यादी मोजकी खाती वगळता नोकरभरतीही थांबविली होती.

पगाराची ओढाताण असता यंत्रे हवीत कशाला, असे कित्येक विचारतात. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. कोरडवाहू शेतकऱ्यास किडीची व पावसाची सूचना वेळेवर मिळणे ही चैन नव्हे. खरा दोष निराळाच आहे. पगारास हात लावता येत नाही, नव्या खरेदीस उद्घाटनाचा मान असतो. म्हणून कात्री चालते ती बिचाऱ्या दुरुस्तीवर!

यास उपाय आहे. खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावास पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च जोडावा. तो नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. बियाणेविक्री व प्रशिक्षण यांच्या उत्पन्नातून राखीव निधी ठेवावा. अनुदान घटल्यास कोणता खर्च आधी थांबेल, ती यादी आगाऊ ठरवून लोकांपुढे मांडावी. बजावणीवाचून हुकूमनामा जसा नुसता कागद, तसे देखभालीवाचून यंत्र नुसते लोखंड होय.

या ज्वारीच्या मुलखात बैल घेण्यापूर्वी शेतकरी कडब्याची गंजी पाहतो. त्याच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठाने व सरकारने निदान तेवढा विवेक दाखवावा, एवढेच आमचे मागणे आहे.