देवधानही दाव्यात लिहा

बोडीच्या काठाला आपोआप उगवणारं, लांब कुसळाचं देवधान बांधीत दिसलं की आपण उपटतो. बरोबरच आहे, ते पिकलं की गळून जातं. पण तलावात ते राहिलं पाहिजे. १९७० च्या सुमारास आशियात एका रोगाने धान गवतासारखं खुजं राहू लागलं. फिलिपाइन्सच्या भात संस्थेने हजारो वाण तपासले. रोगाला पुरून उरलं ते उत्तर प्रदेशातलं जंगली धान! त्याचा गुण संकराने घेऊन १९७६ ला आयआर-३६ वाण आला. राखणाऱ्या गावांना काय मिळालं?

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये जैवविविधतेवर आणि तिच्या ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे. म्हणून दाव्यात मोह-तेंदूसोबत देवधानही लिहू. आणि गाळ काढताना जेसीबीने खरडायचा नाही असा काठाचा एक तुकडा येत्या ग्रामसभेत ठरवून घेऊ.