आकडे वर गेले, खाली काय आले?

महाराष्ट्रातील सरकारी प्राथमिक शाळांची आज जितकी मोजदाद होते, तितकी यापूर्वी कधी झाली नव्हती. २०१५ साली 'सरल' प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद संगणकावर चढली. त्याच वर्षी जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय निघून पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या 'स्टार्स' प्रकल्पात २०२३ पासून नियतकालिक चाचण्या होऊ लागल्या. त्यांचे गुण गुरुजींनी भरावयाचे आणि ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जमा व्हावयाचे, अशी व्यवस्था झाली. हे सारे चांगल्या हेतूनेच झाले, याविषयी आम्हांस शंका नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे की, वर गेलेल्या या आकड्यांतून वर्गात परत काय आले?

कुर्डुवाडीच्या जुन्या मंडळींना या प्रश्नाचे मर्म चटकन उमगावे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून धावे. मुख्य लोहमार्ग मात्र रुंद रुळांचा. म्हणून बार्शीकडचा माल कुर्डुवाडीस उतरवून पुन्हा भरावा लागे. त्रास खराच; परंतु तो माल दोन्ही दिशांनी जात-येत असे. शाळांच्या माहितीची गाडी मात्र एकाच दिशेने जाते.

समजा, माढा तालुक्यातील एखाद्या वस्तीशाळेत तिसरीच्या २८ मुलांपैकी ११ जणांची हातच्याची वजाबाकी चुकली. जिल्ह्याच्या तक्त्यात याची एक टक्केवारी होते आणि बैठकीत ती वाचली जाते. पण गुरुजींनी त्या अकरा पाट्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर कदाचित दिसेल की सात मुलांना दशक-एकक हीच कल्पना उमगलेली नाही आणि उरलेल्या चौघांची केवळ घाई झाली. सात जणांना काड्यांचे गठ्ठे आणि खोट्या नोटा हाती द्यावयास हव्यात. चौघांना फक्त सराव. यास संगणक लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, थोडे साहित्य, आणि शेजारच्या शाळांतील चार शिक्षकांनी एकत्र बसून एकमेकांच्या उत्तरपत्रिका पाहण्याची सोय. पाच-दहा हजार रुपयांचे हे काम आहे!

हे पैसे शाळेजवळ नसतात. समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. तीसच्या आतील शाळेस १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. त्यातून विजेचे बिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-रजिस्टरे भागवावयाची, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चावयाचे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकास साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम क्षुल्लक खरी. पण ती कशावर खर्चावयाची हे शिक्षक ठरवी.

शिक्षकाच्या हाती थोडी मोकळीक दिली तर काय होते, हे याच तालुक्याने जगाला दाखविले आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटविले; ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. असे गुरुजी विरळा, हे खरे. परंतु विरळा माणसावर राज्याची शिक्षणव्यवस्था उभी राहत नसते; साध्या शिक्षकास साधे काम नीट करता यावे, एवढी तरतूद तिने करावयाची असते.

पैसे वाया जातील, असा आक्षेप येईल. त्यावर उपाय कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. दहा हजारांचा हिशेब त्यांच्यापुढे मोठ्याने वाचावा. आम्हांस भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. उद्या कोणी सुपीक डोक्याचा अधिकारी असे ठरवील की, ज्या शाळेचे गुण वाढतील तिलाच अनुदान द्यावे! अमेरिकेतील अटलांटा शहरात गुणांवर बक्षिसे आणि नोकऱ्या अवलंबून ठेवल्या गेल्या. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांत उत्तरपत्रिकांची फेरफार उघडकीस आली आणि २०१५ मध्ये अकरा शिक्षक-अधिकारी दोषी ठरले. ज्या आकड्यावर पैसा अवलंबून असतो, तो आकडा खरा राहत नाही. अनुदान मिळावे ते मुलांच्या चुका प्रामाणिकपणे मांडणाऱ्या शाळेस, मग तिचे गुण कमी का असेनात.

शेजारच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने सुधारावे, हा विचार कोठारी आयोगाने १९६६ सालीच मांडला होता. आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, महिन्याची शिक्षण परिषदही आहे. सोलापूर जिल्हा परिषदेने आपल्या सेस फंडातून माढा तालुक्यातील प्रत्येक केंद्रास एक लहान रक्कम याच कामासाठी द्यावी, चाचणीचे निकाल प्रश्नवार आणि मूलवार शाळेकडे परत यावेत, आणि शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ परिपत्रके वाचण्याऐवजी त्यांवर खर्च व्हावा. आणखी एक गोष्ट. अशी अनुदाने बहुधा मार्चअखेरीस येतात, तेव्हा वर्ष संपलेले असते. शाळा जूनमध्ये उघडतात. पहिली चाचणी होण्याच्या आत हे पैसे केंद्राच्या खात्यावर पडले पाहिजेत.