जखम भरली, हे पेशीला कोण सांगतं?

भाजी चिरताना बोट कापतं. आपण ते धुऊन पट्टी बांधतो आणि काही दिवसांत कातडी सांधली जाते. जखमेच्या कडेला पेशी भराभर वाढतात आणि जागा भरली की थांबतात. ‘आता पुरे’ हे त्यांना कोण सांगतं?

पेशींच्या भोवती प्रथिनांच्या तंतूंचं जाळं असतं. त्यातला मुख्य धागा म्हणजे कोलॅजन. आपली कातडी, हाडं, कूर्चा यांना त्याचाच आधार. या धाग्याची रचना उलगडली ती चेन्नईत. मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कोलॅजनवर क्ष-किरण टाकून अभ्यास केला. १९५४ आणि १९५५ साली त्यांनी जगाला दाखवून दिलं, की हा धागा तिपेडी वेणीसारखा असतो. तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या!

पण वेणी फक्त ताण सोसते. पेशींशी बोलायला याच जाळ्यात दुसरी प्रथिनं असतात. १९९५ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ पॉल बोर्नस्टाइन यांनी त्यांना ‘मॅट्रिसेल्युलर’ हे नाव दिलं. इमारतीच्या बांधकामावर विटा असतात, तसा मुकादमही असतो. तो भिंतीत बसत नाही, पण काम त्याच्या सांगण्यावर चालतं. ही प्रथिनं तशीच. ती पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि वाढ, सरक, थांब असे निरोप देतात.

हा मुकादमच नसेल तर? सीसीएन-२ नावाचं जनुक असंच एक प्रथिन बनवतं. शास्त्रज्ञांनी ते जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्या कूर्चा आणि हाडं नीट घडली नाहीत, छातीचा पिंजरा वेडावाकडा झाला. श्वास घेता न आल्यामुळे ती पिल्लं जन्मताच दगावली. एका जनुकावर इतकं अवलंबून होतं.

आणि हा मुकादम थांबायचंच विसरला तर? यकृत, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाला पुन्हा पुन्हा इजा होत राहिली, की हेच प्रथिन जास्त प्रमाणात बनत राहतं. कोलॅजनचे थर साचतात, अवयव घट्ट होतो आणि त्याचं काम मंदावतं. म्हणूनच या प्रथिनाला आवर घालणारी औषधं शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत.

आपल्या हातात काय आहे? कोलॅजनची वेणी पक्की व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते आवळा, पेरू, लिंबू यांतून मिळतं. जखम स्वच्छ ठेवायची आणि मुलांना खपली काढू द्यायची नाही. खपलीखाली मुकादमाचं काम चालू असतं. ते पुरं होईपर्यंत थोडा धीर धरायचा.